पुढच्या सीटवरचं हळदीचं पोतं

फोन आला तेव्हा माझ्या काट्यावर हळदीचं पोतं होतं. समोर शेतकरी उभा, हमाल दुसरं पोतं पाठीवर घेऊन खोळंबलेला, आणि फोनवर माझी मोठी बहीण, अक्का, म्हणत होती, "बाळू, ह्ये उठंनात." मला वाटलं, दाजी पुन्हा गाडीखाली झोपले असतील. काम करता करता गाडीखाली डुलकी काढायची त्यांना सवयच होती. खोटं कशाला सांगू, मी वैतागून म्हणालो, "मग झोपू दे की! उठून कोणत्या धरणाची दारं उघडायची हायेत त्यांना?" पलीकडून अक्का नुसतंच "बाळू, बाळू" करत राहिली. दुकानापासून मागच्या अंगणातल्या त्यांच्या खोल्या पन्नास पावलांवर, पण अक्काला तेवढंही चालून येता येत नव्हतं, म्हणून तो फोन. मी पळत गेलो. दाजी गाडीखाली नव्हते, बाजेवर होते. उशाशी बारा-तेराचा पाना आणि अर्धा प्यालेला चहा. ऐन दुपारी, काम अर्धवट टाकून गेले. आयुष्यात त्यांनी अर्धवट सोडलेलं ते एकच काम असावं.

आज दीड महिना होत आला. लोक भेटायला येतात, "देवमाणूस होता" म्हणतात आणि मी मान हलवतो. पण खरं सांगायचं तर आमचे दाजी, माणिकराव, हा माणूस देवबिव काही नव्हता, डोक्याला ताप होता! सिद्धेश्वर धरणावर तीस वर्षं फिटर. धरणाची दारं, त्यांच्या साखळ्या, त्यांचे नट-बोल्ट, एवढंच त्यांचं जग, आणि त्या जगाबाहेर दिसेल ती प्रत्येक वस्तू त्यांना ढिलीच वाटायची. माझ्या लग्नात ऐन अक्षता पडायच्या वेळी मांडवाचा एक खांब हलतो म्हणून हे त्याला तार गुंडाळत बसले होते. फोटोत सगळी भावकी कॅमेऱ्याकडे तोंड करून उभी आहे, दाजींची मात्र पाठ. जेवायला बसले तर आधी पाट डुगडुगतो का ते बघणार. नवी खुर्ची आणली की उलटी करणार. रिटायर झाल्यावर मीच त्यांना आग्रहाने जवळा बाजारला आणलं, माझ्या आडत दुकानामागच्या दोन खोल्या दिल्या. पहिल्याच आठवड्यात माझ्या दुकानाचं शटर त्यांनी उतरवून ठेवलं. म्हणे एका बाजूला जड जातं. दोन दिवस माझं दुकान उघड्यावर! मी बोंबललो तर म्हणाले, "मेव्हणे, चोराला बी ते शटर उचलताना तकलीफ व्हत असंल, काहून लावून ठेवलंत असं?"

अक्काच्या मणक्याचं ऑपरेशन झालं ते गेल्या संक्रांतीनंतर. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, आठ महिने दर आठवड्याला नांदेडला व्यायामासाठी आणायचं, एकही खाडा नको. खाडा झाला तर बाई पुन्हा पायावर उभी राहील याची खात्री नाही. आणि प्रवासात हिसके बसायला नकोत. आता हे दोन्ही एकदम कसं करायचं? बसचा विषयच नव्हता. भाड्याची मोठी गाडी आणली तर तिच्या उंच सीटवर चढताना अक्का अशी किंचाळली की ड्रायव्हरच घाबरला. राहिली माझी जुनी पांढरी कार. वीस वर्षांची, पण सीट खाली, अक्काला नुसतं मागे टेकून आत सरकता यायचं. दुखणं एवढंच की गाडीचा सांगाडा पार ढिला झालेला. जॅक लावून एक चाक उचललं की मागचं दार उघडायचं नाही, आणि उघडं असलं तर लागायचं नाही. खड्ड्यात चाक गेलं की अख्खी गाडी पिळवटायची आणि तिचा हिसका थेट अक्काच्या पाठीत. पहिल्या फेरीत वसमत येईपर्यंत तिनं ओठ चावून रक्त काढलं होतं. परत आल्यावर दाजी थेट गाडीकडे वळले. गाडीभोवती दोन चकरा मारल्या, चारी दारं उघडून लावून बघितली आणि मला म्हणाले, "हिला कंबरपट्टा लागतो. तुमच्या अक्काला बांधला तसाच."

मी म्हणालो, गॅरेजवाल्याला विचारू. झालं! गॅरेजवाला हा शब्द काढायची खोटी, दाजी दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणातून कुदळीचा आवाज येऊ लागला. जाऊन बघतो तर जिथं मी हळद वाळत घालतो, बरोब्बर त्या जागी हा माणूस खड्डा खणत होता! गाडीखाली उभं राहून काम करायला. "दाजी, हंगाम तोंडावर आलाय, माल कुठं पसरू? तुमच्या डोक्यावर?" तर म्हणाले, "खड्डा सोडून पसरा की." त्या खड्ड्यात महिनाभरात एक शेळी, एक हमाल आणि एकदा मी स्वतः पडलो. माझी बायको सुनंदा तेव्हा हसली, ते मी अजून विसरलेलो नाही. पाईप आणि पट्ट्या त्यांनी भंगारातून वेचून आणल्या. एक दांडी बॉनेटखाली, पुढच्या दोन चाकांवरच्या स्प्रिंगांची टोकं जोडणारी. एक मागे डिक्कीत. आणि दोन पट्ट्या गाडीच्या पोटाखाली एकमेकींना छेद देणाऱ्या, बाजेच्या खाली सुतळीचे ताण देतात तशा. वेल्डिंग करून मोकळे व्हा म्हटलं तर ऐकेनात. वेल्डिंग केलं की पुन्हा सुधारता येत नाही, नट-बोल्टच पाहिजे. एका भोकासाठी तीन दिवस. मोजायचं, खडूची खूण करायची, पुसायची, पुन्हा मोजायचं. इकडे अक्काच्या चार फेऱ्या आम्ही सीटवर तीन गाद्या टाकून कशाबशा केल्या.

आणि एवढं सगळं झाल्यावर, आता फक्त नट आवळायचे राहिले असं ऐकून मी सुटकेचा निःश्वास टाकला, तेव्हा खरा तमाशा सुरू झाला. दाजींनी फर्मान काढलं, सगळ्यांनी गाडीत आपापल्या जागेवर बसायचं. मी स्टिअरिंगवर, अक्का मागे तिच्या उशीसकट, सुनंदा तिच्या शेजारी. डिक्कीत पाण्याचा जारसुद्धा, कारण तो रोज असतो. मी कपाळावर हात मारला. "काहून?" दाजी म्हणाले, "काहून म्हंजे? रिकाम्या गाडीवर आवळलं तर तुमी बसल्यावर ती पुन्हा वाकंल. धरणाचं दार बी कोरडं असताना लई गुणी दिसतं. पाण्याचा रेटा आला की मग कळतं कुठं गळून राहिलं." मग म्हणाले, आता माझी जागा राहिली. दाजी नेहमी पुढे डावीकडे बसायचे, पण आता तर ते खाली खड्ड्यात असणार. गेले दुकानात, माझ्या काट्यावर चढून उभे राहिले. एकसष्ट किलो. लगेच एका पोत्यात हळद भरायला घेतली. शेवटी एकेक हळकुंड टाकून, एक काढून, काटा एकसष्टवर स्थिर झाल्यावरच दाभणाने तोंड शिवलं. ते पोतं आणून आपल्या सीटवर ठेवलं आणि त्याला पट्टा लावला. उगाच नाही सांगत, हसून हसून माझं पोट दुखलं.

पण पुढचे अडीच तास हसू आलं नाही. चैत्रातलं ऊन, वर गाडीचा तापलेला पत्रा, आत आम्ही तिघं आणि चौथं पोतं. हलायचं नाही. खालून पान्याचा कटकट आवाज आणि मधून मधून, "मेव्हणे, डाव्या अंगाला झुकू नगा!" माल घेऊन आलेले शेतकरी काचेपाशी वाकून विचारायचे, "शेठ, कुठं निघालात?" मी म्हणायचो, "कुठंच न्हाई." सुनंदाला मोरीत जायचं होतं. "सुनंदाबाई, दोनच नट ऱ्हायले, जरा दम धरा." ती ओरडली, "नट ऱ्हाऊ द्या, मी चालले!" तर खालून आवाज आला, "मग तेवढ्या वजनाचं काहीतरी ठिवून जा." बाई संतापून तशीच बसून राहिली. अक्का मात्र जागची हलली नाही. डोळे मिटून, हात मांडीवर, जणू तिचं ऑपरेशन अजून चालूच आहे. शेवटी दाजी काळेकुट्ट होऊन वर आले आणि त्यांनी पुढचं डावं दार एका बोटानं ढकललं. दार लागलं. आवाजसुद्धा झाला नाही. त्या आठवड्यात नांदेडला जाताना वसमतपर्यंत अक्का बोलत होती, चक्क भांडत होती माझ्याशी, जुन्या कुठल्या तरी आंब्याच्या आढीवरून. शेजारी बघितलं तर दाजी तोंड खिडकीकडे करून बसले होते.

वाटलं, सुटलो. कसलं काय! दर महिन्याला नट पुन्हा तपासायचे, कारण नवीन जोड बसताना थोडा सैल पडतो. म्हणजे दर महिन्याच्या पहिल्या रविवारी तोच तमाशा, तीच माणसं, तेच पोतं. माझे मित्र विचारायचे, या रविवारी कुठं फिरायला, आणि मी म्हणायचो, गाडीत बसायला. तिसऱ्या-चौथ्या वेळी माझ्या लक्षात आलं की पोतं खाली खाली बसत चाललंय. मी म्हटलं, उंदीर लागला. गोदामात औषध टाकलं. मग एके दिवशी त्यांच्या अवजारांच्या फळीखाली मला पत्र्याच्या डब्यात चांगली चार-पाच किलो हळद दिसली. माझी हळद! आणि मी, चार हमालांसमोर, काय बोलून बसलो... "दाजी, बहिणीच्या भाजीला हळद लागत असंल तर मागून घ्या की, पोत्यातनं काहून काढता?" चेष्टेतच म्हणालो, पण चेष्टेत एक धार होती, ती मला तेव्हाही ठाऊक होती. दाजींनी मान खाली घालून नटाखालचे दोन वायसर पुसले आणि म्हणाले, "व्हय, तुमच्या बहिणीला रंग आणाया लागतो." हमाल हसले. मीही हसलो.

ते वाळत चालले होते हे काय आम्हाला दिसत नव्हतं? दिसत होतं. पँटच्या पट्ट्याला नवीन भोकं पडत होती. मी म्हणायचो, या वयात हिरो व्हायचंय का? ते म्हणायचे, गोड सोडलंय. अक्कानं विचारलं तर तिच्यावर खेकसायचे, "तू तुझी पावलं मोज!" आणि ती मोजत होती. आषाढात चार पावलं, श्रावणात वॉकर घेऊन खोलीच्या दारापर्यंत. ज्या दिवशी ती वॉकर सोडून दहा पावलं चालली, त्या दिवशी दाजींनी मला दुकानातून हाताला धरून ओढत नेलं, "बघा मेव्हणे, बघा!" त्यानंतर आठ-दहा दिवसांतच तो फोन आला.

तेरावा झाला आणि डॉक्टरांच्या सांगण्यावरून अक्काला पुन्हा नांदेडला न्यायची वेळ आली. फेऱ्या थोड्याच राहिल्या होत्या, त्या तरी नीट करायच्या होत्या. मी गाडी काढली तर पुढचं डावं दार लागेना. दोनदा आपटलं, तिसऱ्यांदा लाथ घातली. लागलं एकदाचं, पण गल्लीतून बाहेर पडेपर्यंत खडखडायला लागलं. अक्का मागून म्हणाली, "पोतं कुठंय?" मी दिवसकार्याच्या गडबडीत ते काढून गोदामात थप्पीवर टाकलं होतं. त्या आठवड्यात थप्पीतली निम्मी पोती विकलीसुद्धा! मी गाडी वळवली आणि धावत गोदामात गेलो. नशीब, त्यांच्या शिवणीवरून सापडलं. इतक्या जवळ जवळ टाके दुसरं कोण घालणार? उंदरानं किती खाल्ली बघावं म्हणून सवयीनं ते काट्यावर टाकलं. सत्तेचाळीस. पोत्याला एकही भोक नव्हतं, तोंड मात्र पाच वेळा उसवून शिवलेलं. आणि काट्यामागच्या भिंतीवर, जिथं सहा महिने रोज माझी नजर जात होती, तिथं त्यांच्या बारीक अक्षरात खडूनं लिहिलेलं होतं... ६१, ६०, ५७, ५४, ५०, ४७. मला वाटायचं पान्यांचे नंबर असतील.

दार नीट करायला पाना हवा होता म्हणून त्यांची अवजारांची पेटी उघडली, तर तळाला प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला परभणीच्या तपासणीचा कागद. पोटात गाठ. तारीख वैशाखातली. म्हणजे हा माणूस एकटा बसनं परभणीला जाऊन आला, घरी येऊन कागद पेटीच्या तळाशी घातला, वर पाने रचले आणि पुढच्या रविवारी आम्हाला गाडीत बसवून म्हणाला, डाव्या अंगाला झुकू नगा! दर महिन्याला दुकान उघडायच्या आधी काट्यावर उभा राहिला, जेवढा कमी झाला तेवढी हळद काढली आणि पोतं पुन्हा शिवलं. जगाशी खोटं बोलला, बायकोशी बोलला, माझ्याशी बोलला, पण गाडीशी बोलवलं नाही त्याच्यानं! मी त्या काट्यापाशी उभा राहून मोठमोठ्यानं शिव्या दिल्या. रोज शंभर पोती तोलतो मी. समोर माणूस चौदा किलोनं कमी झाला आणि मी उंदराचं औषध टाकत बसलो. वर त्याला चोर म्हणालो. नंतर मी तो कागद घेऊन एका डॉक्टरांकडे गेलो. ते म्हणाले, वेळेत उपचार केले असते तर कदाचित वर्ष-दीड वर्ष मिळालं असतं, पण नांदेड-मुंबईच्या चकरा फार झाल्या असत्या. चकरा! गाडी एक, चालवणारा मी एकटा. कुणाला न्यायचं हे त्यांनी आम्हाला न विचारताच ठरवून टाकलं. मला विचारायचं होतं ना, दाजी. मी दुसरी गाडी केली असती, दुकान बंद ठेवलं असतं... एकदा विचारून तर बघायचं!

त्या दिवशी मात्र हे अक्काला कसं सांगावं म्हणून मी पोतं घेऊन गाडीपाशी नुसताच उभा राहिलो. ती माझ्या तोंडाकडे बघत होती. कागद हातातच होता, लपवायचं राहून गेलं. सगळं ऐकून झाल्यावर तिनं पोत्यावर हात ठेवला. मग विचारलं, "पयलं किती व्हतं?"

"एकसष्ट."

"तेवढं भर."

"अक्का, आता सत्तेचाळीसवर आवळलेले हायेत सगळे नट. एकसष्ट ठिवलं तर दार पुन्हा अडकंल. सगळं सोडून पुन्हा आवळावं लागंल."

"मग आवळ की. मी बसते."

त्या दिवशीची वेळ फोन करून दुसऱ्या दिवसावर ढकलली. पत्र्याच्या डब्यांतली सगळी हळद आणून मी पोत्यात ओतली, एकेक हळकुंड टाकत काटा एकसष्टवर आणला आणि दाभण घेतलं. माझे टाके वाकडेतिकडे आले. अक्का तिच्या जागेवर जाऊन बसली. सुनंदा न बोलावता तिच्या शेजारी. आता खड्ड्यात मी उतरणार, म्हणजे माझीच सीट रिकामी. तिथंही पोतं हवं. सुनंदा म्हणाली, "एकानं भागायचं न्हाई, दीड लागंल तुमाला." कितीतरी दिवसांनी अक्का हसली. मग मी त्या खड्ड्यात उतरलो. ज्याला सहा महिने शिव्या घातल्या, त्याच खड्ड्यात. वरून तेलाचे थेंब, डोळ्यात माती, पाना हातातून निसटणारा, आणि कुठला नट आधी सोडायचा तेच कळेना. मग दिसलं, प्रत्येक नटाशेजारी खडूनं आकडा घातलेला होता. एक, दोन, तीन. क्रमानं. त्यांना स्वतःला तर आकडे लागत नव्हते. कुणासाठी घातले होते?... मला हुंदका आला आणि तो वर ऐकू जाऊ नये म्हणून मी पाना पट्टीवर आपटत राहिलो. वरून अक्का ओरडली, "बाळ्या, आवाज काहून करतो रं? तुझे दाजी कवा आपटत नव्हते!"

दुसऱ्या दिवशी निघालो. डावं दार एका बोटानं लागलं. गाडीत हळदीचा वास कोंदलेला, काच खाली केली तरी जात नव्हता. हट्ट्याच्या फाट्यावर आमच्या ओळखीचे एक शेतकरी उभे होते, त्यांनी हात केला. मी गाडी थांबवली. त्यांनी आत डोकावून बघितलं, पुढच्या सीटवर पट्टा लावून बसवलेलं पोतं बघितलं आणि हसले. "नांदेडला ना? बराबर झालं. ह्ये पोतं डिक्कीत टाका की, बसतो म्या."

मी काही बोलायच्या आत मागून अक्का म्हणाली, "जागा न्हाई भाऊ. गाडी भरलेली हाय."

ते गोंधळून मागे सरकले. मी गिअर टाकला. पुढच्या खड्ड्यात डावं चाक चांगलंच आदळलं, पण दार वाजलं नाही.